गाडीच्या खोलीत गाडी मावेल का?

पत्र

काका, आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. घराला लागून गाडीसाठी खोली बांधली आहे. लांबी अठरा फूट, रुंदी दहा, वर स्लॅब, चिऱ्याच्या भिंती, पुढे शटर. मागच्या भिंतीला मधोमध तीन फुटी खिडकी. गाडी वॅगन-आर. पण गेली दोन वर्षं गाडी अंगणात फणसाखाली आणि खोलीत बाकी सगळं: आंब्याचे क्रेट, आंबे काढायचे झेले, फवारणीचा पंप आणि औषधं, गवत कापायच्या मशीनचा पेट्रोलचा कॅन, उरलेले रंग, इन्व्हर्टर, शिडी, ताडपत्री, गणपतीचं मखर, नातवाची सायकल, सासूबाईंचा पाटा-वरवंटा आणि त्यांचा तांब्याचा बंब. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून डाव्या भिंतीला ओळीने तीन बंद कॅबिनेटं करायचं ठरवलंय, लाकडी दिसणारी. सासूबाई म्हणतात कडाप्प्याची मांडणी करा, नाहीतर काही करू नका. माजघरातलं त्यांच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट हे मोडीत द्यायला निघालेत, त्यावरून वेगळंच सुरू आहे. चाळीस हजारांच्या वर खर्च करायचा नाही. काय घ्यावं? आणि बंब ठेवावा की विकावा?

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसलो, मग उठून आमच्या शेडमध्ये जाऊन आलो. आमच्याकडेही एक क्रेट गेल्या मे महिन्यापासून 'उद्या उचलतो' म्हणून दारात पडलाय. तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला बेताचाच. पण आयुष्याची तीस वर्षं बांधकामावर गेली आणि कोकणातल्या ओल्या हवेने लोखंडाचं, लाकडाचं आणि माझ्या डोक्याचं काय काय केलं ते जवळून पाहिलंय.

आधी डावी भिंत सोडा. मापं तुम्हीच दिलीत, ती कागदावर मांडू. वॅगन-आर ३६५५ मिलिमीटर लांब आणि १६२० मिलिमीटर रुंद, म्हणजे बारा फूट बाय सव्वापाच फूट, आरसे वेगळे. दहा फुटांतून सव्वापाच गेले, उरले पावणेपाच. चालवणाऱ्याचं दार उघडून माणूस नीट उतरायचा तर उजवीकडे पावणेतीन फूट हवेत. डावीकडे राहिले दोन. तिथे दीड फुटाचं कॅबिनेट लावलंत तर गाडी आणि कॅबिनेट यांच्यात सहा इंच राहतात. त्यातच आरसा, त्यातच कॅबिनेटचं दार. ते दार उघडायला दर वेळी गाडी बाहेर काढावी लागेल, आणि एकदा बाहेर काढलेली गाडी परत फणसाखालीच जाईल. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लांबीला मात्र ऐसपैस जागा आहे. अठरातून बारा गेले, सहा उरले. शटरच्या बाजूला एक फूट सोडा. मागच्या भिंतीपासून गाडीपर्यंत पाच फूट राहतात. त्यात दोन फूट खोल सामान ठेवलं तरी पुढे तीन फूट मोकळे, वाकून क्रेट उचलायला भरपूर. तेव्हा जे काय करायचं ते मागच्या दहा फुटी भिंतीला. गाडी तोंड आत करून लावा आणि पुढची चाकं जिथे थांबायला हवीत तिथे जमिनीला एक लाकडी वासा ठोकून टाका. चाक वाशाला टेकलं की थांबायचं. नाहीतर पहिल्या आठवड्यातच बंपर रॅकला जाऊन भेटेल. सासूबाईंना आणि नातवाला अंगणात उतरवून मगच गाडी आत घ्या, म्हणजे डावीकडचं दार उघडायचा प्रश्नच येत नाही.

डाव्या भिंतीवर फक्त चपटं सामान: शिडी, झेले, गुंडाळलेली ताडपत्री, सायकल. चार-पाच इंचांहून पुढे येणार नाही एवढंच. सायकल तेवढी बॉनेटच्या पुढे.

आता चिऱ्याबद्दल जरा बोलू द्या, कारण माझी खरी फजिती तिथेच झालीय. चिरा म्हणजे जांभा दगड. तो दिसतो दणकट, आणि भार पेलायला आहेही. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पाहणीदाराने मलबारात हा दगड बघितला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. तिथली माणसं त्याच्या विटा कापून घरं बांधत होती, तशी आपणही बांधतो. पण तो आतून पोकळ-पोकळ असतो, शिळ्या आंबोळीसारखा जाळीदार. त्यात ड्रिल मारून प्लॅस्टिकचा गट्टू ठोकला आणि स्क्रू पिळला की पिळताना छान वाटतं. महिन्याभरात गट्टूभोवतीचा लाल भुगा गळायला लागतो. मी माझ्या पहिल्या घरात असेच चार ब्रॅकेट मारून त्यावर फळी टाकली होती आणि फळीवर ऑइल पेंटचे डबे. एका रात्री धाडकन आवाज आला. सकाळी बघतो तर फळीचं एक टोक खाली आणि डबा बॉनेटवर. रेड ऑक्साइडचा ओघळ बॉनेटवरून लोंबत हेडलाइटपर्यंत आलेला आणि हेडलाइटच्या कडेला थेंब धरून वाळलेला. ती गाडी विकेपर्यंत तो थेंब तसाच होता. घेणाऱ्याने त्याचे पैसे कापले ते निराळेच.

म्हणून चिऱ्यावर टांगलेलं काही नको. जे असेल ते जमिनीवर, स्वतःच्या पायावर उभं राहणारं. वरून भिंतीला बांधायचं ते फक्त पुढे कलंडू नये म्हणून, भार घ्यायला नव्हे. आणि बांधायचंही चिऱ्याला नाही. खिडकीवरची लिंटेल किंवा स्लॅबखालची बीम काँक्रीटची असते, तिला. मधे अंतर पडलं तर लोखंडी पट्टी टाकून तिथपर्यंत पोचा. डाव्या भिंतीच्या खुंट्यांनाही हेच लागू: एक लांब लाकडी पट्टी घ्या, ती दोन-तीन ठिकाणी भिंतीच्या आरपार बोल्ट घालून बाहेरून चौकोनी प्लेटवर आवळा, आणि खुंट्या त्या पट्टीला मारा. बाहेरचं भोक सिमेंटने नीट बुजवा, नाहीतर जुलैत आत पाणी.

आता मुख्य गोष्ट, बंद की उघडं. यजमानांना बंद का हवंय ते कळतं. पसारा दिसत नाही. व्हिडिओतली कॅबिनेटं जिथली असतात तिथली हवा कोरडी असते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यात समुद्राची खारी हवा. जूनमध्ये बंद केलेलं कॅबिनेट सप्टेंबरमध्ये उघडलं की आतून जो वास येतो तो वास म्हणजेच माझं उत्तर. लाकडी दिसणारी ती कॅबिनेटं बहुतेक भुश्शाच्या दाबलेल्या बोर्डाची असतात, वरून कागदाचा तुकतुकीत थर. कडेच्या पट्टीतून एकदा ओल शिरली की बोर्ड पावासारखा फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू त्यातून नुसते ओढून निघतात. प्लायवूड घ्यायचंच असेल तर ७१० नंबरचं, म्हणजे उकळत्या पाण्यालाही न सुटणाऱ्या गोंदाचं. पण त्यात तुमचे चाळीस हजार दोन कॅबिनेटांतच संपतील आणि वाळवीची चिंता आहे ती आहेच.

माझ्या मते गाडीच्या खोलीत उघडा लोखंडी रॅक, आणि बंद फक्त जे कुलपात असायलाच हवं ते. हवा खेळली तर लोखंड टिकतं, माल टिकतो आणि काय कुठे आहे ते दिसतं. पसारा डोळ्यांना खुपतो म्हणता? खुपू द्या. खुपला की माणूस कधीतरी आवरतो.

बाजारात 'स्लॉटेड अँगलचा रॅक' म्हणून मागा. भोकाभोकांचे चार उभे अँगल, मधे पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्टने हव्या त्या उंचीवर. तुमच्यासाठी तीन फूट रुंद, दोन फूट खोल, सात फूट उंच, सहा फळ्यांचा एक. दोन फूट खोल का, तर आंब्याचा क्रेट दीड फुटाच्या फळीवरून पुढे लोंबतो. तरी आधी तुमचा क्रेट टेपने मोजा, आणि दोन क्रेट एकावर एक ठेवून त्याची उंचीही मोजा. फळ्यांमधलं अंतर त्यावर ठरेल, दुकानदाराच्या सवयीवर नाही.

दुकानदार गेजमध्ये बोलेल. गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे भलेभले इथे फसतात. १४ गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, १६ म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश, १८ म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश, २० म्हणजे एकाच्या जरा आत, २२ म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. उभे अँगल १४ गेजचे घ्या. फळी २० गेजची, आणि तिच्या पोटाखालून मधोमध आडवी पट्टी मारलेली हवी. २२ गेजची फळी स्वस्त पडते, पण अंगठ्याने मधे दाबली तर 'टुक' करून खाली जाते आणि सोडली की 'टुक' करून वर येते. दुकानात हे करून बघायला लाजू नका. दुसरी परीक्षा: लावून ठेवलेल्या रॅकचा खांब खांद्याच्या उंचीवर धरून आडवा हलवा. झोकांड्या खात असेल तर कोपऱ्यांच्या तिकोनी प्लेटा कमी मारल्यात किंवा मागे फुलीची पट्टी नाही. दोन्ही मागून घ्या, त्याचे फार पैसे पडत नाहीत.

'एका फळीला शंभर किलो' असं तो सांगेल. ते शंभर किलो फळीभर सारखं पसरलेलं असतं, मधोमध ठेवलेल्या पाट्याचं नव्हे. आणि चार फुटी रॅक स्वस्तात देतो म्हणाला तरी तीन फुटीच घ्या. फळीची लांबी दुप्पट झाली की त्याच वजनाला ती दुप्पट नाही, आठपट वाकते. तीनाची चार केलीत तरी दुपटीच्या वर जाते.

रंगाचं म्हणाल तर पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी पावडर भट्टीत भाजून बसवलेला रंग, चांगलं, पण वरवरची चकाकी बघू नका. अँगलच्या भोकांच्या आत नख घालून बघा. तिथे पावडर पोचली नसेल तर गंज तिथूनच निघणार. जस्ताचा मुलामा दिलेला, ज्याला जीआय म्हणतात, तो अँगल मिळाला तर आपल्या हवेला त्याहून बरा. ओरखडा गेला तरी जस्त आधी झिजतं, लोखंड नंतर. मात्र मापात बसवायला कुणी करवतीने टोक कापलं असेल तर त्या कापलेल्या तोंडाला रंग लावायला सांगा. विसरतात.

पाय थेट फरशीवर नकोत. शटरखालून पावसाचे तुषार येतातच, आणि गाडी ओली आत आली की जमिनीवर पाणी ठिबकतं. पायाखाली घालतात ते प्लॅस्टिकचे बूट पाणी धरून बसतात. त्याऐवजी प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा चार इंची तुकडा ठेवा. सर्वात खालची फळी जमिनीपासून नऊ इंच वर, म्हणजे खराटा आरपार फिरतो आणि विजेरी मारली की शेवटपर्यंत दिसतं. आपल्याकडे संध्याकाळचं नाव घेत नाहीत ते 'जनावर' अशाच क्रेटमागच्या गारव्याला येऊन बसतं. आणि भिंत व रॅक यांच्यात दोन इंच फट हवी. वाळवी जमिनीतून भिंतीवर मातीची नळी करत चढते. फट असेल तर नळी दिसते, नाहीतर मखराचं लाकूड उचलाल तेव्हा हातात नुसता रंगाचा पापुद्रा येईल. पुठ्ठ्याचे खोके तर एकही आत ठेवू नका. ओल, वाळवी, झुरळं तिघांनाही ते आवडतात. झाकणाचे पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे घ्या. मखराची झालर आणि दिव्यांच्या माळा त्यात घालून सर्वात वर, कारण वर्षातून एकदाच लागतात.

आता सासूबाई. त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं म्हणजे घरात सांगायला पुष्कळ झालं. कडाप्प्याला ना गंज ना वाळवी. पाइप मारून धुता येतो, तेल सांडलं तर पुसता येतं. पण सगळी मांडणी सात फुटांपर्यंत कडाप्प्याची करू नका. पाऊण इंच जाडीची फरशी चौरस फुटाला पाच किलो भरते. तीन बाय दोनची एक फळी तीस किलोची, माल वेगळा. शिवाय फळीच्या मधल्या भागावर जड वस्तू आपटली तर दगड सूचना देत नाही. लोखंड आधी वाकून सांगतं, दगड एकदम दोन तुकडे होऊन सांगतो. तेव्हा खिडकीखाली कमरेइतकी, दोन थरांची मांडणी करा, तीन फूट रुंद. आधार पक्क्या विटांचे किंवा चिऱ्याचेच, पण मधे एक आधार घालून घ्या, म्हणजे दगडाला दीड फुटाहून जास्त अंतर एकट्याने पेलावं लागणार नाही. पाटा-वरवंटा, रंगाच्या बादल्या, सगळं जड तिथे. वीस लिटरची रंगाची भरलेली बादली पंचवीस किलोच्या वर जाते; ती गुडघ्याच्या उंचीवर असली तर उचलणारा माणूस तुम्हाला दुवा देईल. वर खिडकी मोकळी राहील. ती झाकायची नाही, त्या खोलीत हवा यायचा तोच एक रस्ता आहे.

चिपळूणला २०२१ च्या जुलैत पाणी घरांत शिरलं, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तुमचं घर चढावर असेल, मला माहीत नाही. पण सखल असेल तर खालच्या दोन थरांत तेच ठेवा जे बुडलं तरी धुऊन परत वापरता येतं.

तर मागच्या दहा फुटांत तीन फूट रॅक, तीन फूट कडाप्प्याची मांडणी झाली. उरले चार. त्यात, ताई, यजमान मोडीत काढायला निघालेलं ते कपाट.

गोदरेजने ही पोलादी कपाटं १९२३ पासून काढली आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ती नवरीबरोबर आली. जुन्या कपाटाचा पत्रा आजच्या स्वस्त कॅबिनेटशी ताडून बघा; दारावर टिचकी मारली तरी आवाजात फरक कळेल. रद्दीवाला त्याचे किलोवर पैसे देईल, आणि यजमान त्याच्या कितीतरी पट मोजून त्याहून पातळ कॅबिनेट आणतील. तुम्हाला कुलपाची एक जागा हवीच आहे, कारण घरात फवारणीची औषधं आहेत आणि सायकल चालवणारा नातू आहे. ती जागा घरात उभी आहे. माजघरातून हलवण्याबद्दल मात्र सासूबाईंना आधी विचारा, सांगू नका. गाडीच्या खोलीत त्याला कामाला लावतोय म्हटलं तर त्या ऐकतील, असा माझा अंदाज. मोडीत म्हटलं की कोण ऐकेल?

कपाटाला गंज धरला असेल तिथे पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. पाठीला वर आणि खाली पाच-सहा भोकं पाडून घ्या, हवेसाठी. भोकांच्या कडांनाही रंग. चारी पायांखाली कडाप्प्याचे तुकडे, भिंतीपासून दोन इंच दूर. किल्ली स्वयंपाकघरात, उंचावर.

आत औषधं. बाटल्यांवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो बघा. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल-पिवळे वरच्या कप्प्यात नकोत. गळाले तर खालच्या सगळ्यांवर गळतील. सर्वात खाली, प्लॅस्टिकच्या परातीत. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवायचं तर मुळीच नाही, शीतपेयाच्या बाटलीत तर नाहीच नाही. या कपाटात कपडे, धान्य, नातवाची खेळणी यांतलं काही येता कामा नये. ब्लिचिंग पावडरही नको, तिच्या वाफेने पत्रा खाल्ला जातो. ती आणि संडास धुवायचं ॲसिड एकमेकांच्या शेजारी कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन निघतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

पेट्रोल आणि इन्व्हर्टर यांचं जरा नीट ऐका, बाकी पत्र चाळलंत तरी चालेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि कोपऱ्यात साचते. इन्व्हर्टर बहुतेक वेळा जमिनीवरच असतो आणि त्यात ठिणगी पडू शकते. तुमच्या पत्रात ही दोन्ही एकाच खोलीत आहेत. गवत कापायच्या मशीनला किती पेट्रोल लागतं? लिटर-दोन लिटर. तेवढंच आणा, घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, आणि तो कॅन या खोलीत ठेवूच नका. बाहेर, सावलीत, घराला न चिकटलेल्या जाळीच्या कपाटात. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तीही कुठल्याच बंद कॅबिनेटमध्ये जाता कामा नये. यजमानांच्या व्हिडिओत ती दाराआड छान लपवलेली असेल. बॅटरी चाकांच्या ट्रॉलीवर, खिडकीच्या जवळ, रॅकपासून हातभर लांब. भरलेली मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, फळीवर चढवायचा विचारही नको. जुनी पडली असेल तर नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तो किमतीतून वजा करतो.

आणखी एक रॅक घ्यावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण यजमान विचारतील. आत्ता नको. एक पावसाळा जाऊ द्या. रिकामी फळी दिसली की तिच्यावर काहीतरी येऊन बसतं, आणि ते काहीतरी सहसा आपलं नसतं, मेहुण्याचं असतं.

हे सगळं पावसात करू नका. दसऱ्यानंतर, उन्हं पडायला लागली की एक रविवार धरा. खोलीतलं सगळं अंगणात काढा, अगदी सगळं, आणि दिवसभर उन्हात राहू द्या. रिकाम्या खोलीत गाडी आत घ्या, चारी दारं उघडून बघा आणि गाडीभोवती खडूने रेघ मारा. मग मागच्या भिंतीला रॅक, मांडणी, कपाट यांची जागा खडूनेच आखा. खडूच्या रेघेत जे बसत नाही ते विकत घ्यायचं नाही. हे झालं की मगच दुकानात जा. रॅक लावल्यावर नट-बोल्ट आवळा आणि पहिला पावसाळा सरला की पुन्हा एकदा आवळा. सैल झालेले असतात.

राहिला बंब. या बाबतीत मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे बंब होता तोवर आंघोळीच्या पाण्याला धुराचा जो वास यायचा तो मला अजून हवाहवासा वाटतो. विकू नका. पण रॅकवरही ठेवू नका. तांब्याचा बंब फळीवर ठेवला की एका वर्षात हिरवा पडतो आणि मग तो कुणालाच नको असतो. मागच्या पडवीत ठेवा आणि वीज गेली की पेटवा, रत्नागिरीत पावसाळ्यात तशी संधी पुष्कळ मिळते. त्याआधी तोटी मात्र उघडझाप करून बघा. इतकी वर्षं पडून असलेल्या बंबाची तोटी हमखास जाम होते, आणि ती बदलून देणारा तांबट आता शोधावा लागतो. सासूबाईंना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल.